डाव्या हाताचा दगड

गोमाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पाड्यावरून मनोरच्या रस्त्यापर्यंत पाऊण तास पायी, तिथून बोईसरकडे जाणारा दुधाचा टेम्पो, आणि सातच्या आत कुंभवलीजवळच्या कारखान्याचं फाटक. तीस वर्षं त्याने रसायनाचे रिकामे ड्रम धुतले. दिवसाला साठ. एकसष्ट कधी केले नाहीत, एकोणसाठही नाहीत. हातमोजे फाटायचे तसे बोटांचे पापुद्रे निघायचे. शेवटची दहा वर्षं पापुद्रेही निघायचे थांबले. बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. चहाचा पेला गरम आहे की गार, हे तो ओठ लावून ठरवी.

कारखान्यातून सुटून दोन वर्षं झाली तरी जाग साडेतीनलाच येई. उठून तो ओट्यावर बसे आणि उजाडायची वाट पाही.

भाताची कापणी आटोपली आणि म्हातारी ठकी, गोमाची आई, अंथरुणाला खिळली. वय नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या पुढे. पेजसुद्धा दोन घोट. एके सकाळी तिने गोमाला जवळ बोलावलं.

"मला जाळू नको. तुझ्या बाशेजारी ठेव."

"पाड्यावर आता सगळ्यांनाच जाळतात, आये."

"सगळ्यांचं मला काय सांगतो? मी तुझ्या बाची बायको हाय, सगळ्यांची नाय."

बाप गेला तेव्हा गोमा नऊ वर्षांचा होता. तेव्हा पाड्यावर मेलेल्या माणसांना पुरायचे. ओढ्यापलीकडच्या जुन्या मसणवटीत बायका जात नसत, म्हणून ठकीने नवऱ्याची जागा कधी पाहिलीच नव्हती. गोमाने पाहिली होती, एकदाच. त्याला एवढंच आठवत होतं की जवळ मोहाचं झाड होतं आणि उशाशी ठेवायचा दगड त्याने स्वतः पोटाशी धरून नेला होता. त्यांच्यात रीत होती, मेलेल्याच्या उशाशी त्याच्या रोजच्या हाताखालचा दगड ठेवायचा. बाईला वरवंटा, पुरुषाला कोयत्याला धार लावायचा दगड. नाव लिहायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो मसणवटीत जाऊ लागला. पस्तीस वर्षांत तिथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. घाणेरी डोक्याच्या वर गेलेली, तिच्यातून करवंदीच्या जाळ्या. मोहाचं झाड नव्हतं. घाणेरी नुसती कापून भागत नाही, मूळ राहिलं की महिन्यात पुन्हा कमरेला येते. गोमा आधी कोयत्याने फांद्या तोडी, मग पहारीने मूळ हलवी, मग ओढी. दिवसाला दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद, एवढीच जागा तो साफ करी. नववं पाऊल झालं म्हणून घरी येत नसे. काटे बोटांत शिरत. ते त्याला रक्त दिसल्यावर कळत.

त्याचा मुलगा अंकुश बोईसरला एका कारखान्यात मशीनवर होता. सुटीच्या दिवशी तो बघायला आला आणि उपटलेल्या मुळांच्या ढिगावर बसला.

"बाबा, एवढं काम कंपनीत केलं असतं तर सुपरवायझर झाला असता."

"केलं. म्हणून तर हेल्पर राहिलो."

"कुठली तरी चांगली जागा बघ ना. आजीला काय कळणार हाय?"

"तिला नाय कळणार. मला कळेल ना."

अंकुश उठला आणि त्याने दुसरी पहार घेतली. तासाभरात त्याच्या तळहाताला फोड आले. गोमाने त्याला घरी पाठवलं.

सातव्या दिवशी एका कुजलेल्या बुंध्याजवळ धारेचा दगड मिळाला. बुंधा मोहाचाच होता. गोमाने आजूबाजूचा मुरूम खरवडला, ओढ्यातले गोटे आणून चारी बाजूंनी लावले, जागा झाडली. त्यात पुढचे दोन दिवस गेले. मग घरी येऊन आईला म्हणाला, "सापडला."

ठकीने डोळे उघडले. "दगड कुठल्या अंगाला झिजलेला हाय?"

हा प्रश्न गोमाच्या डोक्यात आलाच नव्हता. धार लावणारा माणूस दगडाचं जाड टोक पायाखाली दाबतो आणि पुढच्या भागावर कोयता घासतो. वर्षानुवर्षं घासून तिथे खोलगट भाग पडतो, हाताच्या बाजूला उतरता. गोमाने आठवून पाहिलं.

"उजव्या."

"मग तो तुझा बा नाय. तो डावरा होता."



"दोन दिवस कोणाला आंघोळ घातलीस रे?" म्हातारी हसली आणि तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "राहू दे. त्याला पण कोणी नसंल."

मग जरा वेळाने, "आणि माझ्या उशाशी काय ठेवशील? तुझा मिक्सर?"

गोमाने मान खाली घातली. घर बांधताना पायरीच्या भरावाला दगड कमी पडले होते. गवंड्याने मागितले, तेव्हा घरात नुकताच मिक्सर आला होता. गोमानेच पाटा-वरवंटा उचलून दिला होता. त्याला वाटलं होतं, आईच्या ध्यानात आलं नसेल.

"पायरीतच हाय ना तो?" ठकी म्हणाली. "रोज त्याच्यावरूनच उतरत होते मी."

दुसऱ्या दिवसापासून गोमाने उरलेली घाणेरी काढली आणि फक्त धारेचे दगड मोजले. अकरा निघाले. बोट फिरवून खोलगटाचा उतार कळेना. उन्हापावसाने दगड खरबरीत झालेले, शेवाळ धरलेले, डोळ्यांनाही नीट उमजेना. शेवटी त्याने कोयता घेतला. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. कोणाच्या तरी उशाच्या दगडावर पाय द्यायचा होता. दिला. जाड टोक दाबून धरलं आणि उजव्या हाताने पातं दगडावर टेकवलं. पातं नीट बसलं. तो पुढच्या दगडाकडे गेला.

आठव्या दगडावर पातं डुलू लागलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा डुललं. गोमाने कोयता डाव्या हातात घेतला. पातं खोलगटात पूर्ण टेकलं, टोकापासून मुठीपर्यंत. त्याने दोनदा पुढे-मागे केलं. आवाज आला. हाताला काही कळलं नाही, पण तो आवाज त्याला ठाऊक होता. लहानपणी याच आवाजाने तो उठायचा.

मग त्या दगडाच्या डावीकडे साडेतीन हात जागा मोजून चार खुंट्या ठोकल्या.

घरी आल्यावर तो म्हणाला, "डाव्या अंगाला झिजलेला हाय." ठकीने हुं केलं. त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

पाचव्या दिवशी पहाटे साडेतीनला गोमाला जाग आली तेव्हा ती गेलेली होती. त्याने तिचे पाय सरळ केले. उजाडेपर्यंत शेजारी बसला. रडू आलं नाही, येईल असं त्याला वाटलंही नव्हतं. उजाडल्यावर, आजीसाठी रजा घेऊन आलेल्या अंकुशला उठवलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन पायरी फोडायला बसला.

सिमेंट पक्कं होतं. गवंड्याने काम चोख केलं होतं, याचं गोमाला त्याही वेळी बरं वाटलं. पाट्याचे दोन तुकडे झाले. वरवंटा अखंड निघाला. मध्ये बारीक, दोन्ही टोकांना जाड.

खड्डा त्याने स्वतः खणला. मुरुमात पहार वीतभरही शिरत नव्हती. सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंत. अंकुशने वरचा हातभर खणला, बाकी गोमाने. छातीइतका खोल झाल्याशिवाय तो वर आला नाही. पाड्यावरची माणसं आली. बायका ओढ्याच्या अलीकडे थांबल्या. माती लोटून झाल्यावर गोमाने उशाशी वरवंटा ठेवला.

पुढचा आठवडाभर घरातली माणसं मोडक्या पायरीवरून उडी मारून ये-जा करत होती. मग गोमा मनोरला गेला. कारखान्याने सुटताना दिलेल्या पैशातले थोडे बँकेत शिल्लक होते, ते त्याने काढले. सिमेंट, रेती, डबर आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरी, एवढ्यात ते संपले. तीस वर्षांच्या ड्रमांतलं जे शेवटी उरलं होतं, ते त्या पायरीत गेलं. नवी पायरी जुनीपेक्षा दोन बोटं उंच झाली आहे. पहाटे ओट्यावरून उतरताना गोमाचा पाय अजून चुकतो.