शमीची साल

राजस्थानच्या वाळवंटातल्या एका वस्तीत, एका घरासमोर शमीचं म्हातारं झाड दिसलं. आपल्याकडे दसऱ्याला पूजतात, तेच. एका अंगाची साल माणसाचा हात पोचेल तिथवर सोललेली.

"उंटांनी खाल्ली वाटतं," मी म्हणालो.

घरची बाई म्हणाली, "उंट वरचा पाला खातात. ही दुष्काळात आमच्या आज्यांनी काढली. पिठात मिसळायला."

झाडाची जखम अजून भरलेली नव्हती. निवडुंग पाणी कसं साठवतो, उंट तहान कशी मारतो, याचं आपल्याला केवढं कौतुक. माणसं कशी तगली, ते मात्र कुणी विचारत नाही.

खाली, कमरेच्या उंचीवर, बारीक ओरखडे होते.

"हे शेळ्यांचे?"

"शेळ्या तेव्हा उरल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "पोरांचे हात तिथवरच पोचायचे."