जारचं पाणी

मॅडम ब्रश आधी ओठांना लावायच्या. दोन-चार केसांचा तो बारीक ब्रश जिभेच्या टोकावर ओला करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा, वाळूच्या कणाएवढा शिंपला अलगद उचलायचा आणि काळ्या पट्टीवर ठेवायचा. मग पुन्हा ओठ. दिवसभर हेच चालायचं. मी एकदा न राहवून म्हणालो, मॅडम, कुठला कुठला तो चिखल, तोंडात कशाला घालता? त्या मान वर न करता म्हणाल्या, "अंटार्क्टिकाच्या अलीकडचा हाय. आपल्या नळापेक्षा स्वच्छ."

ज्या गावात नळाला पाणी येणार म्हणून लोक कामावरून रजा घेतात, त्या आमच्या गावात बसून या बाई समुद्राचा अभ्यास करायच्या. मी त्यांच्या प्रकल्पावर सहायक होतो. भूशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत एक जुना फ्रिज, एक भट्टी, चाळण्यांची उतरंड आणि आम्ही दोघं. खिडकीतून दौलताबादचा डोंगर दिसायचा. समुद्र बघायचा तर आख्खा दिवस प्रवास. नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, इथं बसून कसला समुद्र? मॅडमना त्याचा राग यायचा नाही. मला यायचा.

मॅडम छावणीत वाढलेल्या. वडील पलटणीच्या कोठारात हमाल होते. घरात शिकलेल्या त्या पहिल्या, आणि शिकल्या त्या अशा विषयात की त्यांच्या आईला शेजारणींना सांगताही येईना. संशोधनाच्या जहाजावर जायची निवड झाली तेव्हा आईने धपाटे आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. जहाज लाटांवर चढलं आणि मॅडम आडव्या झाल्या, त्या आठवडाभर उठल्याच नाहीत. चटणी सगळ्या जहाजाने संपवली. हे त्या फार आनंदाने सांगायच्या. लग्नाकार्यात बायका पेंग्विनबद्दल विचारायच्या, तर यांचं ठरलेलं उत्तर: "लई घाण वास येतो त्यांचा."

त्या प्रवासातून त्यांनी आणला तो चिखल. दक्षिण महासागराच्या तळात लांब नळी रोवून काढलेला, वरचा थर अलीकडच्या काळातला, खालचा फार जुना. त्यात ते शिंपले असायचे. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे जीव मरतात, त्यांची कवचं तळाशी जाऊन बसतात, थरावर थर. आपण सोडलेला धूर समुद्र पितो, त्याचं पाणी हळूहळू आंबट होतं, आणि आंबट पाण्यात कवच जाड होत नाही. तेव्हा मॅडमचा प्रश्न एवढाच होता: खालच्या शिंपल्यांपेक्षा वरचे पातळ आहेत का? या एका प्रश्नावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. लग्न केलं नाही. कोणी टोकलं तर "वेळ कुठंय बाबा" म्हणून हसायच्या.

आणि उत्तर मिळालं. वरच्या थरातले शिंपले खरोखरच पातळ निघाले. काही तर इतके, की ब्रश लागला तरी फुटायचे. मॅडमनी शोधनिबंध लिहिला, बाहेरच्या नावाजलेल्या नियतकालिकाने तो घेतला. प्राचार्यांनी सत्कार केला, शाल, नारळ, वर्तमानपत्रात फोटो. फोटोत मॅडम घाबरल्यासारख्या दिसतात. खरं तर तेव्हा त्यांच्या पोटाचं दुखणं सुरू झालं होतं, पण ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

मग ती किटलीची गोष्ट घडली. तुम्हाला हसू येईल, पण एका आयुष्याचं काम चहाच्या किटलीत बुडालं.

आमच्या बोअरचं पाणी जड. उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो, खरवडून निघत नाही. एका सकाळी मी किटली घासत वैतागून म्हणालो, उन्हाळ्यात बोअर आटली होती तेव्हा बरं होतं, जारचं पाणी आणायचो, किटली कशी लख्ख राहायची. मॅडम चहाचे कप पुसत होत्या. त्या थांबल्या. मी काहीतरी चुकीचं बोललो असं मला वाटलं.

"वरचा थर आपण कवा धुतला?" त्यांनी विचारलं.

त्याच उन्हाळ्यात धुतला होता. चिखल चाळणीवर धरून वाहत्या पाण्याने धुवायचा असतो, म्हणजे चिखल निघून जातो आणि शिंपले चाळणीत उरतात. पण बोअर आटलेली, टँकर आला की सगळा वसतिगृहाकडे जायचा. मॅडमनीच तोडगा काढला होता. जारचं पाणी घ्यायचं, ते वाहू न देता टबात चिखल काही दिवस भिजत ठेवायचा, आणि तेच पाणी जमेल तितकं पुन्हा वापरायचं. पाणी वाया घालवायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दुसऱ्या कुठल्या गावातल्या प्रयोगशाळेला ही बचत सुचलीही नसती. पाऊस झाल्यावर बोअरला पाणी आलं, आणि खालचे थर आम्ही बोअरच्या वाहत्या पाण्याने धुतले.

जारचं पाणी मशिनीतून गाळलेलं. त्यातला चुना निघून गेलेला, म्हणून तर किटली लख्ख. आणि शिंपला म्हणजे दुसरं काय, चुनाच. असं पाणी किंचित आंबट असतं, आणि भिजत पडलेल्या शिंपल्याचा चुना ते खाऊ शकतं. मग ते शिंपले समुद्राने पातळ केले की आमच्या टबाने?

मॅडमनी त्याच दिवशी खालच्या थरातले जाड, धडधाकट शिंपले निवडले आणि जारच्या पाण्यात, त्याच टबात, तसाच थोडा चिखल घालून भिजत ठेवले. आम्ही वाट बघत बसलो. इतक्या दिवसांत त्या एकदाही चिडल्या नाहीत, आणि तेच मला सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी शिंपले काढले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि खुर्ची माझ्यासाठी सोडली. मी पाहिलं. कवचं खरबरीत, दुधाळ, झिजलेली.

आता वरचा थर पुन्हा धुऊन बघावा म्हटलं तर तो शिल्लक नव्हता. सगळा त्या उन्हाळ्यातच धुऊन झाला होता. जहाजावर पुन्हा जायचं तर वैद्यकीय तपासणीत त्या पास होणार नव्हत्या, हे त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना माहीत होतं.

निबंध मागे घ्यायचा असं त्यांनी सांगितलं तेव्हा प्राचार्य अर्धा तास समजावत होते. मीही समजावलं. कोणाला कळणार आहे? आणि समुद्र आंबट होतोय हे तर जगजाहीर आहे, म्हणजे तुमचं उत्तर बरोबरच असणार. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समुद्र खरंच बिघडायलाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यात आपलं खोटं कशाला मिसळायचं?"

निबंध मागे घेतला गेला. मागे घेण्याचं कारण त्यांनी स्वतःच लिहून कळवलं, पाण्यासकट सगळं. ज्यांनी सत्कार केला होता ते व्हरांड्यात समोरून आले की मोबाइल बघायचे. प्रकल्पाचा पुढचा निधी आला नाही, माझं काम गेलं. मी गारखेड्यात एका शिकवणीत शिकवायला लागलो. मला मॅडमचा राग होता आणि त्यांच्याशिवाय करमतही नव्हतं, म्हणून रविवारी जायचो. त्या शिंपल्यांचा विषय काढायच्या नाहीत. मुलं काय विचारतात, माझी आई कशी आहे, एवढंच बोलायच्या. मधेच पोट धरून थांबायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या.

पुढे त्या इस्पितळात भरती झाल्या, आणि त्याच सुमारास मला ती बातमी कळली. बाहेरच्या देशातल्या एका पथकाने त्याच भागातून ताजा चिखल आणला होता. नीट धुतला होता. वरचे शिंपले पातळ होते. म्हणजे मॅडमचं म्हणणं खरं होतं.

मी रिक्षा करून इस्पितळात गेलो. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. हर्सूलहून आलेली त्यांची भाची उशाशी बसली होती, ती मला जागा देऊन बाहेर गेली. मॅडम फार बारीक झाल्या होत्या. मी घाईघाईने सगळं सांगितलं. तुमचंच बरोबर होतं मॅडम, आता सगळ्यांना कळेल, असंही म्हणालो.

त्यांनी विचारलं, त्या लोकांनी पाणी तपासलं होतं का. मी म्हणालो, तपासलं होतं. शिंपले किती पातळ आहेत ते विचारलं. मी दोन बोटं जवळ आणून दाखवायला गेलो आणि तसंच थांबलो, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं नव्हतं हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"मला वाटलेलं, चूक आपलीच असंल, तिथले शिंपले धड असतील," त्या म्हणाल्या. "रोज तेच मागत व्हते मी. आपलीच निघू दे म्हणून."

ज्या चुकीने त्यांचं सगळं नेलं, तिच्याच आधारावर त्या इतके दिवस जगत होत्या, आणि ती मी धावत येऊन काढून घेतली होती.

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी स्टुलावर बसून राहिलो. भेटायची वेळ संपली म्हणून वॉर्डातली सिस्टर सगळ्यांना उठवत आली, तेव्हा मॅडमनी वळून पाहिलं नाही. चादरीबाहेर राहिलेल्या हाताची बोटं तेवढी हलवून मला जा म्हणाल्या.