बाबा ढोरात आहेत

सौंदडचे भाऊजी, खोकला बसला का? कमलबाई, गुडघा काय म्हणतो? नागपूरकर मंडळी, पोरंबाळं बरी ना? तुम्हा सगळ्या नातेवाइकांना एकदमच लिहितो.

आज सकाळी आमची नुकती व्यालेली म्हैस उठेचना. मान टाकली, कान थंडगार. मी लगेच जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला.

डॉक्टरसाहेबांसोबत सुनीता आली. गावची ढोरं चारणाऱ्या आमच्या सोमाजीची ही लेक, जनावरांच्या डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साहेबांनी सलाईन तिलाच लावायला सांगितली. सोमाजीनं म्हशीचं डोकं धरलं.

सलाईन चालू असताना सुनीता सांगू लागली, "काकाजी, कॉलेजात मी म्हटलं, माझे बाबा ढोरात आहेत. पोरींना वाटलं, डॉक्टरच असतील. अभ्यासात माझं काही अडलं की म्हणायच्या, बाबांना फोन लाव ना."

"मंग?"

"मंग काय, मी सरांच्याच मागं लागून विचारत राहिली."

थोड्या वेळानं म्हैस उठली. सोमाजी लेकीला विचारतो कसा, "डॉक्टरीनबाई, आता हिले पाणी पाजू का?"

घरी विचारायला कोणी नसताना पोरगी इथवर आली, याचं मला फार कौतुक वाटलं. पण ज्या पोरी अशाच शिकताना अडूनच राहिल्या, त्यांचं काय? सुनीता म्हणते, "अशा पोरींना मले फोन लावायला सांगा." तुमच्याकडे कोणी असेल तर लवकर लिहा.