आहुप्याला, रूथकडे

शिवाजीनगरला घोडेगावची एसटी धरली तेव्हा मनात एकच वाक्य घोकत होते : रूथ, आता तू घरी ये.

आमची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिची आंघोळ, औषधं, सगळं मी करते. पण तिच्या तोंडी नाव धाकटीचं, आंबेगावच्या डोंगरात नर्स असलेल्या रूथचं. चर्चमध्येही लोक मला तिचीच खुशाली विचारत. तिच्या गावात तेव्हा फोन नव्हता, म्हणून येत असल्याचं पत्र टाकलं आणि स्वतःच निघाले.

मंचरला भजी खाल्ली, घोडेगावला गाडी बदलली. डिंभ्याचं धरण मागे पडलं आणि चढावर गाडी तापून बंद पडली. शेजारच्या आजी निरखून बघत होत्या.

"शिष्टरबाईंच्या भैन का तुमी? तोंडावळा तसाच हाय. लई मायेची बाई."

मी धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले.

आहुप्याला पोचेपर्यंत दुपार टळली. रूथ सकाळपासून थांब्यावर उभी होती. उन्हानं रापलेली, वाळलेली. अंगणांतून बाळहिरडे (झाडावरून काढलेले कोवळे हिरडे) वाळत पडले होते. तिनं माझी पिशवी घेतली, तोच एक माणूस तावातावानं आला.

"शिष्टरबाई, सकाळधरनं वाट बगतोय. म्हातारीचा पाय लई ठणकतोय. तुमाला काय त्याचं?"

"चुकलं माझं, धर्माभाऊ. आलेच."

माझ्यासाठी थांबली होती, हे तिनं सांगितलं नाही. वाटेत मी विचारलं, "बोलली का नाहीस?"

"त्याच्या आईला त्रास झाला, ताई. माझं कारण ऐकून तिचा ठणका थांबणार आहे का?"

धर्माभाऊंच्या घरी ती जमिनीवर बसली. म्हातारीचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन तिनं जखम धुतली, पट्टी बांधली. म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी दारात उभी. हेच मी रोज करते, आणि माझ्या डोक्यावर असा हात कधी फिरत नाही, हे आतून जाळत होतं.

धर्माभाऊंच्या बायकोनं नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. रूथनं डोळे मिटून प्रार्थना केली. त्या घरची माणसंही तिनं डोळे उघडेपर्यंत घास हातात धरून थांबली. त्याचाही मला हेवा वाटला.

परतताना मी तिला गाठलं. "आईला तू हवीस. मी असून नसल्यासारखी."

रूथ वाटेतच थांबली. "मी लोकांच्या आयांचे पाय धुते, ताई. आपल्या आईचे एकदाही धुतले नाहीत. तू ते करतेस, आणि मला इथं तुझा राग येतो. रोज प्रार्थनेत तेच सांगते देवाला." ती पुन्हा चालू लागली. "रजेचा अर्ज टाकते. रविवारी येते."

हवं होतं ते मिळालं होतं. तरी सकाळच्या गाडीत बसले तेव्हा बरं वाटेना. रविवारपासून आईला रूथ खरोखरच मिळणार होती. आईला हे न सांगता चार दिवस गप्प राहावं, असंही घोडेगावपर्यंत मनात घोळत होतं.

घरी पोचले. हातातली पिशवीही न ठेवता आईजवळ बसले. "रूथ येतेय, आई. रविवारी."

आई हसली. कितीतरी महिन्यांनी. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, आणि ते बघणं सोपं नव्हतं. थोड्या वेळानं विसरून तिनं पुन्हा विचारलं, "रूथ कधी येणार गं?"

मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली.