डॉक्टरांच्या पाठीमागची जागा

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर आधी डॉक्टरच्या पाठीमागे जाऊन उभं राहावं लागतं. अगदी शब्दशः. मेडिकल स्कूलच्या अर्जात विचारतात, की तुम्ही कुठल्या डॉक्टरला काम करताना बघितलंय का, आणि बघितलं असेल तर किती तास? याला इथे शॅडोइंग म्हणतात. कशाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं बघायचं. हे बिनकामाचं काम मिळवायला मला सात महिने लागले.

मी अकरा वर्षांची असताना आम्ही नाशिकहून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो. घरात लांबलांबपर्यंत कुणी डॉक्टर नाही. बाबा सांता क्लाराच्या एका कंपनीत, आई प्रीस्कूलमध्ये शिकवते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी माझे मार्क झकास होते आणि शॅडोइंगचे तास शून्य. उन्हाळ्यात अर्ज भरायचा होता, म्हणजे तोवर तास जमले नाहीत तर वर्ष वाया. पण त्याहून मोठी भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टर व्हायचं डॉक्टर व्हायचं म्हणून मी मिरवत होते खरी, पण दवाखान्यात आजवर फक्त सर्दी-तापासाठी गेले होते. हे काम मला झेपेल का, मुळात आवडेल का, याचा मला पत्ता नव्हता.

सप्टेंबरपासून मी ईमेल पाठवायला लागले. नम्र, मुद्देसूद, चार-चार वेळा तपासलेले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका क्लिनिकनं उत्तरादाखल मला फ्लूच्या लशीची आठवण करून दिली. मग मी फोन करायला लागले. एका बाईंनी माझं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि फार मायेनं विचारलं, "बरं, मग दुखतंय कुठे तुला?"

आई हे सगळं बघत होती. "अगं, आपल्या मराठी मंडळात एवढे डॉक्टर आहेत. मी विचारते ना कुणालातरी."

"नो, आई. ओळखीनं नकोय मला. मी माझं मी करणार."

आईनं अर्थातच ऐकलं नाही. मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत तिनं एका हार्टवाल्या काकांना गाठलं आणि मला त्यांच्यापुढे उभं केलं. काकांनी हातातला मोदक सांभाळत, बाहेरच्या कुणाला आत घेता येत नाही, ही हॉस्पिटलची पॉलिसी समजावून सांगितली. घरी येताना मी आईशी अवाक्षर बोलले नाही. ती मात्र मजेत आरती गुणगुणत ड्राइव्ह करत होती.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा माझा ताठा उतरला. "आई," मी म्हटलं, "विचार कुणालाही."

त्यानंतर आठवड्यानं होळी आली. आमच्याकडे एक काकू होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांच्या गराजबाहेर माणसांची रांग लागते. त्या रांगेत आईच्या पुढे एक मावशी उभ्या होत्या. आईनं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. रांग पुढे सरकेपर्यंत आईला समजलं होतं, की मावशी मूळच्या साताऱ्याच्या, मुलगा टेक्सासला अर्विंगमध्ये असतो आणि त्या स्वतः एका क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर बसतात. बस. माझे सगळे ईमेल एकीकडे आणि आईची ती दहा मिनिटं एकीकडे.

"आमच्या डॉक्टर कडक आहेत हं," मावशींनी मला फोनवर बजावलं. "मी त्यांच्याकडे कधी कुणासाठी शब्द टाकत नाही. तुझ्यासाठी टाकलाय. मला खाली बघायला लावू नकोस."

टीबीची टेस्ट झाली, पेशंटची कुठलीही गोष्ट बाहेर सांगणार नाही अशा फॉर्मवर सह्या झाल्या आणि मी एका गुरुवारी दुपारी रुजू झाले. डॉक्टर साठीच्या, ठेंगण्या, व्हिएतनामहून लहानपणी आलेल्या. त्यांनी मला भिंतीजवळची जागा दाखवली. "इथे उभं राहायचं. बोलायचं नाही. प्रश्न असतील ते बाहेर आल्यावर." तीन गुरुवार मी त्या भिंतीचाच भाग होते. पायांत गोळे यायचे, पण मजा वाटायची. माणसं डॉक्टरांना काय काय सांगतात, आणि डॉक्टर किती वेळ नुसत्या ऐकत बसतात!

चौथ्या गुरुवारी एक मराठी आजी आल्या, सोबत त्यांचा मुलगा. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ही विद्यार्थिनी खोलीत चालेल ना? आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. आजींची शुगर काही केल्या ताब्यात येत नव्हती. मुलगा फोनवरचे रोजचे आकडे डॉक्टरांना दाखवत होता, भाषांतर करत होता आणि मधेच आजींना दटावतही होता. गोळ्या रोज जेवणाबरोबर घेते, पथ्य पाळते, सगळं व्यवस्थित आहे, असं त्यानं सांगितलं. आजी मुकाट्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मला भिंतीपासून डॉक्टरांच्या खांद्यावरून तो फोन दिसत होता. बाकीचे दिवस बरे होते. सोमवारी आणि गुरुवारी आकडे उसळले होते. पुन्हा सोमवार, पुन्हा गुरुवार. आमच्या घरी आईचे हेच वार असतात. त्या दिवशी सकाळी तिच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी चांगली बशीभर खाऊन मी आले होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उपवास आहे म्हणजे जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणजे जेवणाबरोबरची गोळी नाही. वर पोटात साबुदाणा!

डॉक्टर म्हणाल्या, "मग आपण औषध वाढवू या."

आणि मी बोलले. "आजी, तुम्ही सोमवार-गुरुवार करता का? त्या दिवशी गोळी घेत नाही ना?"

मग मुलगा उसळला. "आई! तू अजून उपवास करतेस? यू प्रॉमिस्ड मी! मी ऑफिसला गेलो की हे चालतं का घरी?"

आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. "चोंबडी मेली," त्या पुटपुटल्या.

डॉक्टर उठल्या आणि मला बाहेर घेऊन आल्या. काय झालं ते मी भराभरा सांगितलं. मनातून मी शाबासकीची वाट बघत होते, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

"तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी औषध वाढवलं असतं तर ती जेवते त्या दिवशी शुगर उतरून तिला चक्कर आली असती. पण तिनं मुलाला सांगितलं नव्हतं, ते तिचं होतं. ते तू तिच्या परवानगीशिवाय त्याच्यापुढे मांडलंस. मला बाहेर बोलावून सांगता आलं नसतं का?"

आलं असतं. डोळ्यांत पाणी आलं. मला मावशी दिसायला लागल्या, काउंटरपाशी मान खाली घालून. संपलं, मला वाटलं.

डॉक्टरांनी मुलाला एक फॉर्म भरायला फ्रंट डेस्ककडे पाठवलं आणि मला म्हणाल्या, "चल आत. आता नीट विचार. मी सांगेन तेवढंच."

मी आजींच्या समोर स्टुलावर बसले, त्यांच्यापेक्षा खाली. "आजी, चुकलं माझं. मी असं त्यांच्यासमोर बोलायला नको होतं."

आजींनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग म्हणाल्या, "इथे माझं असं काय आहे गं? स्वयंपाकघर सुनेचं, टीव्ही नातवंडांचा. ते दोन वार तेवढे माझे. तेही काढून घेईल तो आता."

मी ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. उपवास सोडायला मी सांगणार नाही, म्हणाल्या. गोळी फराळाबरोबर घ्यायची, साबुदाण्याऐवजी दुसरं काय चालतं ते आपण तिघी मिळून ठरवू, आणि मुलाशी मी बोलते. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. वरई चालेल, पण थोडी. ताक चालेल. दाण्याची आमटी चालेल म्हटल्यावर आजींचा चेहरा खुलला.

निघताना त्यांनी माझी हनुवटी धरली. "डॉक्टरीण होणार काय?"

"माहीत नाही, आजी."

"खुशाल हो. पण आधी तोंड मिटायला शीक."

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरांनी विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला. चार गुरुवारांत पहिल्यांदा त्या मोठ्यानं हसल्या.

"त्यांचं ऐक," त्या म्हणाल्या. "आणि चल, पुढचा पेशंट खोळंबलाय."

मी डोळे पुसले आणि त्यांच्या मागोमाग गेले. कान अजून लाल होते, आजींची नजर अजून टोचत होती, आणि तरी तिथून हलायची माझी अजिबात इच्छा नव्हती. त्या दुपारी, एका माणसाशी इतकं चुकीचं वागल्यावर, मला पक्कं कळलं, की मला हेच करायचंय.