हॅट घातलेला ड्रायव्हर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — गोष्ट सांगितलीय, शंभरदा तरी सांगितलीय, भोईवाड्यात मी त्या गोष्टीसाठीच ओळखला जातो. पण मी सांगतो ती आणि घडली ती, या दोन वेगळ्या. घडलेली आज पहिल्यांदा सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही, म्हणून.

मी चांगला बोलतो हे आधीच सांगून टाकतो. खोटी नम्रता मला जमत नाही. माझगावच्या एका गोदीत पस्तीस वर्षं मी जहाजांची ड्रॉइंगं काढली, पण निरोपसमारंभात साहेब ड्रॉइंगांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘सावंत बोलायला लागले की जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाने वाढायची.’ लोक हसले. मी पण हसलो, आणि आतून फुगलो. निवृत्तीनंतर असल्या माणसाला काय लागतं? एक गोष्ट लागते. ती मला अमेरिकेत मिळाली.

आमची मुलगी अश्विनी डॅलसला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा मी हट्ट धरला — भाड्याची गाडी घ्यायची आणि काउबॉयच्या मुलखातून, वाळवंटातून, थेट लास व्हेगासपर्यंत आपली आपण चालवत जायचं. मी आणि सुनंदा, माझी बायको, दोघंच. लहानपणी परळच्या थिएटराबाहेर घोडेवाल्या इंग्रजी पिक्चरांची पोस्टरं लागायची, तिकिटाला पैसे नसायचे, मी नुसती पोस्टरं बघून यायचो. त्या मुलखात मी जाणार होतो! जावई म्हणाला, ‘बाबा, साठीनंतर कशाला?’ मी त्याला उडवून लावलं. आपण अठरा वर्षं मारुती चालवलीय, तीही लालबागच्या गणपतीच्या गर्दीतून. अमेरिकेतले रस्ते म्हणजे काय, रिकामं मैदान.

गाडी ताब्यात घेताना मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नारळही फोडणार होतो, पण अश्विनी म्हणाली पोलीस येतील. काउंटरवरची मुलगी लिंबांकडे बघत राहिली, आणि मी ती चिरडत ऐटीत गाडी बाहेर काढली. सुनंदाने मात्र काउंटरवर दुसरी ड्रायव्हर म्हणून आपलं नाव घालून घेतलं होतं. इथून निघतानाच तिने परदेशात चालणारं लायसन्स काढून आणलं होतं — ‘असू दे बरोबर,’ म्हणून. लग्नाआधी स्वतःच्या पगारातून दादरच्या एका मोटार स्कूलमध्ये ती शिकली होती. आमच्या मारुतीला मी तिला हात लावू दिला तो एकदाच, एका रविवारी, शिवडीच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि तेव्हाही हँडब्रेकवरचा माझा हात काढला नाही. डॅलसला मात्र महिनाभर ती रोज नातवाला शाळेत सोडायला अश्विनीची गाडी नेत होती. मी गॅलरीतून बघायचो आणि चहा प्यायचो.

मी सांगतो त्या गोष्टीत पुढे काय होतं? पुढे सावंत हॅट घालून अडीच हजार किलोमीटर गाडी हाणतो. टेक्सासची कुरणं, न्यू मेक्सिकोची मातीची गावं, ॲरिझोनातले हात वर करून उभे असलेले निवडुंग, आणि शेवटी वाळवंटाच्या मधोमध लखलखणारं व्हेगास. सगळं खरं आहे. फक्त —

थांबा, येतोय तिथे.

पहिल्या दिवशी तीनशे किलोमीटर मी चालवली, आणि चांगली चालवली. दुपारी एका छोट्या गावात पेट्रोल भरलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून हॅट घेतली, ती डोक्यावर ठेवली आणि पंपावरून गाडी बाहेर काढली. रस्ता मोकळा होता. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. आणि अठरा वर्षांच्या सवयीने हात जसे वळायचे तसे वळले — मी डाव्या बाजूला लागलो. आपल्याकडची बरोबर बाजू, तिकडची उलटी. आरामात चाललो होतो हो! मी काहीतरी सांगत होतो सुनंदाला. ती ओरडली तेव्हा समोरून येणारा पिकअप ट्रक एवढा जवळ होता की त्याच्या पुढच्या जाळीत अडकलेलं गवत मला दिसलं.

त्याने ट्रक थांबवला. मीही थांबवली, कशी ते माहीत नाही. मधे दोन माणसं झोपतील एवढं अंतर. ट्रकमधून एक म्हातारा उतरला, खरा काउबॉय, मळकी हॅट, गुडघ्यात वाकलेला. त्याने शिवी घातली असती तर बरं झालं असतं. त्याने खिडकीशी येऊन फक्त विचारलं की तुम्ही ठीक आहात ना. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! पाय ब्रेकवरून उचलता येईना.

सुनंदा उतरली, वळसा घालून आली, दार उघडलं आणि म्हणाली, ‘उठा. तिकडे बसा.’

त्यानंतर व्हेगासपर्यंत स्टिअरिंग तिच्याच हातात होतं. बावीसशे किलोमीटर. ट्रकांच्या रांगा, वाळूचा वारा, आडोसा नसलेलं ऊन, मोठ्या शहरातले सहापदरी रस्ते. मी शेजारी बसून नकाशा बघत होतो आणि चिवड्याचा डबा उघडून देत होतो. तिसऱ्या दिवशी ती गुणगुणायला लागली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि माझी बायको गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. व्हेगासच्या अलीकडे मी तिला गाडी कडेला घ्यायला लावली, तिच्या जागी बसलो, हॅट घातली आणि म्हणालो, ‘एक फोटो काढ.’ तिने काढला. हसत काढला. तो फोटो तुम्ही आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्याही मोबाइलवर बघू शकता.

आता परत आल्यानंतरच्या त्या संध्याकाळचं. बिल्डिंगच्या गणपतीत पाचव्या दिवशी आरतीनंतर माझा कार्यक्रम ठेवला होता. पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्या भरलेल्या, मी हॅट घालून उभा. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण तो फोटो पडद्यावर आला, टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मी ‘मी’ म्हणायला लागलो. मी वळवली, मी ओव्हरटेक केलं, मी वाळूच्या वाऱ्यात वायपर लावले. सुनंदा दुसऱ्या रांगेत बसली होती.

मग तळमजल्यावरचे कांबळेकाका उठले. त्यांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेली. म्हणाले, ‘सावंत, एक सांग रे. उलट्या साइडने डावीकडे टर्न मारताना डोकं फिरत असेल ना? तू काय आयडिया करायचास?’

मला उत्तर माहीत नव्हतं. कसं असणार? मी हॅट काढली, पुन्हा घातली. आणि दुसऱ्या रांगेतून सुनंदाचा आवाज आला — ‘हे म्हणायचे, तिकडे ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे पाहिजे. वळताना आधी पट्टा शोधायचा, मग चाक फिरवायचं. मग बाजू चुकत नाही.’

‘वा! हे ड्रायव्हरचं उत्तर,’ कांबळेकाका म्हणाले. टाळ्या मला पडल्या. काका मात्र खाली बसताना माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘हॅट कपाटावर ठेवा, वाकडी होईल.’ तिला राग आला होता? वाईट वाटलं होतं? मी विचारलं नाही. तिचं काही म्हणणं नसावं, असं मी ठरवून टाकलं. ते मला सोयीचं होतं.

इथवर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? नवऱ्याची जात, मारली फुशारकी. मी पण बरीच वर्षं असंच म्हणत होतो.

पण सुनंदाने खरी गोष्ट एका माणसाला सांगितली होती. तिच्या आईला. सासूबाई कणकवलीजवळच्या गावात एकट्या राहायच्या, गुडघे गेलेले, घराबाहेर जेमतेम अंगणापर्यंत. फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं. म्हातारी आधी खूप हसली आणि मग म्हणाली, ‘माका एकदा तुझ्या गाडयेत बसव गो चेडवा. तिठ्यापर्यंत गेलंव तरी चलात.’ तो तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

त्या रात्री जेवताना सुनंदा म्हणाली, ‘आपण एक छोटी गाडी घेऊ या. मे महिन्यात गावी नेऊ. मी चालवीन, तुम्ही बाजूला बसा.’ मारुती आम्ही मी निवृत्त झाल्यावर काढून टाकली होती. मी म्हणालो, पार्किंग कुठे आहे? पुढच्या वेळी म्हणालो, हायवेचं काम चाललंय. मग तिने मोबाइलवर शोधून काढलं की इथेही गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवता येते. मी — अमेरिकेत भाड्याची गाडी घेणारा मी — म्हणालो, भाड्याच्या गाडीचा भरवसा नाही.

खरं कारण सांगू? आमच्या गेटमधून गाडी बाहेर पडते ती सगळ्या गॅलऱ्यांना दिसते. सुनंदा स्टिअरिंगवर आणि मी बाजूला. कुणी ना कुणी विचारलंच असतं. मला माझ्या गोष्टीची काळजी होती. दोन मे महिने मी असेच घालवले. तिसऱ्या वेळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर तिने विषय काढला, तेव्हा मी दारातून हसत म्हणालो, ‘हिला? अहो, हिला लालबागच्या सिग्नलचीसुद्धा धडकी भरते.’ बायका हसल्या. सुनंदा हसली नाही. तिचं लायसन्स त्याच वर्षी संपत होतं. ते तिने साड्यांच्या खाली ठेवून दिलं आणि पुन्हा काढलं नाही.

सासूबाई गेल्या त्या फेब्रुवारीत. सकाळी फोन आला, आम्ही गाडी आणि ड्रायव्हर बोलावला. मी पुढे बसलो, ती मागे. पोरगा बरा होता, बोलका होता. गावाअलीकडची वळणं सुरू झाली तेव्हा त्याने विचारलं, ‘काका, तुम्ही पण गाडी चालवता काय?’ आणि मी सुरू झालो. त्या दिवशीसुद्धा. हॅट, कुरणं, वाळूचा वारा. एका गावाचं नाव आठवेना, म्हणून विचारायला मागे वळलो.

सुनंदाने चप्पल काढून ठेवली होती. डोळे काचेतून पुढच्या रस्त्यावर. आणि तिचा उजवा पाय खालच्या मॅटवर होता — प्रत्येक वळणाआधी, ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या थोडा आधी, तो दाबला जात होता. सुटत होता. पुन्हा दाबला जात होता.

मी ते पाहिलं. मला सगळं कळलं, एका क्षणात कळलं, मी काय केलं ते. तिने माझ्याकडे न बघता मला त्या गावाचं नाव सांगितलं. मी पुन्हा पुढे वळलो आणि गोष्ट चालू ठेवली. ती तिठ्यापर्यंत पुरली.