कोणीच काही सांगत नाही असं पुस्तक

सुदाम गेला त्या सकाळी मी मुलुंडच्या आमच्या वाचनालयात कवितांच्या कपाटापुढे उकिडवा बसलो होतो. नव्या कविता खालच्या फळीवर असतात आणि माझे गुडघे आता खालच्या फळीचे राहिलेले नाहीत. तरी बसलो होतो, कारण सुदामने इस्पितळातून पुस्तक मागवलं होतं आणि ते मला सापडत नव्हतं. तेवढ्यात फोन आला, त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला आज इतक्या आठवड्यांनीही सुचलेलं नाही... काउंटरवरच्या बाईंनी हात धरून मला उठवलं.

आम्ही दोघं रंगाच्या कंपनीत एकाच खात्यात होतो. मी मालवणकडचा, चौथीत शाळा सोडलेला. तो सोलापूरकडचा, मॅट्रिक पास. कंपनीतून सुटल्यावर वाचनाचा नाद त्यानेच लावला मला. आधी एक जाड कादंबरी दिली. मी ओळीवर बोट ठेवून वाचतो, पानाच्या तळाला पोचेपर्यंत वरचं विसरतो. हे त्याला कशाला सांगू? "बोअर आहे" म्हणून परत केली. तो काय समजायचं ते समजला आणि पुढच्या शनिवारी कवितांचं पुस्तक हातात ठेवलं. ओळी आखूड, बाजूला भरपूर मोकळी जागा. मला जमलं. कोणाला खरं वाटो न वाटो, ते कपाट मी बहुतेक सगळं वाचलेलं आहे.

माझ्यासाठी मी नेहमी वरच्या फळीवरचं जुनं घ्यायचो. पहिली ओळ ओठातल्या ओठात म्हणून बघायची, चाल बसली की घ्यायचं. सुदाम पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचा आणि आत एखादं भांडं, चप्पल, नळ, असं घरातलं काही आहे का ते बघायचा. नसलं की परत फळीवर. एकदा त्याने मला त्याच्या आवडीची एक कविता वाचायला दिली आणि बाहेरच्या बाकड्यावर आमची जुंपली.

"मेल्या, ह्येका कविता म्हणतत? ही नुसती तक्रार आसा."

"मग तुझे ते जुने काय करत होते, लेका? तक्रारच. फक्त देवाच्या हापिसात."

"देव ऐकता तरी."

"तुझं ऐकलं?"

पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. शेवटी तोडगाही त्यानेच काढला. ह्यापुढे माझं पुस्तक तो निवडणार आणि त्याचं मी. निवडलेलं पुरतं वाचायचं, अर्धवट परत करायचं नाही. मी सूड म्हणून त्याला लावण्यांचा जाडजूड संग्रह दिला, तर प्रज्ञाचा फोन, "काका, बाबा जेवता जेवता ताटावर ठेका धरतायत." माझी बायको गेली तेव्हा त्याने मला खालच्या फळीवरचं एका बाईंचं पुस्तक दिलं. सगळं स्वयंपाकघराबद्दल. मी शिव्या घालत वाचायला घेतलं. त्यात एक रिकामा डबा होता, पुसून पालथा घातलेला. त्या डब्यापाशी मी अख्खा दिवस बसून होतो. शनिवारी सुदामने ते माझ्या हातातून घेऊन काउंटरवर दिलं आणि माझ्यासाठी पुढचं काढायला गेला. त्यानंतर स्वतःसाठी पुस्तक निवडायचा विचारच कधी मनात आला नाही. वर्षानुवर्षं आमचं असंच चाललं.

मग त्याची फुप्फुसं गेली. घाटकोपरच्या इस्पितळात नाकात नळी, बोलायचं तर मधे मधे थांबून. पुस्तक हातात धरवेना, म्हणून मी वाचायचं ठरलं. चारचौघांत मी कधी मोठ्याने वाचत नाही, पण त्याच्यासाठी वाचलं. आधी जुनं नेलं होतं, सगळं सोडून दिलेल्या माणसाचं. दोन कडवी झाली आणि त्याने पानावर हात ठेवला.

"नको. हा पोचलेला आहे... मी नाही पोचलो."

पुढच्या खेपेला त्याचंच लाडकं, नवं, पेटलेलं पुस्तक नेलं. त्यालाही त्याने मान हलवली. "राग धरायला दम लागतो रे... कुठनं आणू?" हसायला गेला आणि खोकल्याने पिळून निघाला.

"मग काय आणू? नीट सांग ना."

"असं आण... ज्यात कोण मला काही सांगत नसेल."

"असं कुठे असतं?"

"माझं तू निवडतोस ना? निवड."

मी निवडायला बसलो. रोज वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर. जुनी पुस्तकं सांगत होती, सोड. नवी सांगत होती, ऊठ. म्हटलं झाडापानांच्या कविता बघू. तर तिथेही शेवटच्या ओळीत कवी झाडाआडून बाहेर येतो आणि काहीतरी शिकवून जातो. काउंटरवरच्या बाईंनी एक पातळसं पुस्तक काढून दिलं, एकेका पानावर दोनच ओळी. तेसुद्धा गप्प बसायला सांगत होतं. एवढी माणसं एवढं लिहून गेली, आणि मरणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसून राहील असं त्यातलं एकही नाही? मी रिकाम्या हाताने इस्पितळात जायचो. तो माझ्या पिशवीकडे बघायचा, मग छताकडे. मग तो फोन आला.

त्याच्या घरी सभा झाली. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, बाजूला सुदामचा हार घातलेला फोटो. चांगलं चांगलं बोलून झालं तशी प्रज्ञाने त्याच्या कपाटातलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. "काका, बाबांच्या आवडीची एक कविता वाचा ना." मी उभा राहिलो. पुस्तक उघडलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. ज्या पानावर बोट ठेवावं ते सुदामला काही ना काही सांगायला निघालेलं. तो गेला तरी ह्यांचं सांगणं संपत नव्हतं. मी पुस्तक मिटलं. "नाही वाचत," म्हणालो.

मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अहो, त्यांना वाचता येत नसेल. कशाला उभं केलंत?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "सॉरी काका, माझ्या लक्षातच आलं नाही..."

एरवी कोणी माझ्याबद्दल असं बोललं असतं तर मी तिथल्या तिथे अख्खं पुस्तक वाचून दाखवलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "राहू दे, पोरी," आणि खाली बसलो. लोकांनी चहा घेतला.

अजून मी शनिवारी जातो. सुदामला आता काही नको आहे. लागेल ते मला, आणि तेही फार लांब नाही. समजा त्या फळीवर तसलं पुस्तक असलंच, तरी माझं मला निवडता येत नाही, ती सवयच मोडून गेली. एक काढतो, ओठात म्हणून बघतो, चालसुद्धा बसते... आणि पुढे काही होत नाही. परत ठेवतो. कपाटाला धरून उठतो तेव्हा काउंटरवरच्या बाई विचारतात, "आज पण नाही, आजोबा?"

"आज पण नाही," मी म्हणतो आणि चपला घालतो.